अक्रोड कोणी लावायचा

आधीच सांगून ठेवते, मी मेलेली नाही. वय त्र्याहत्तर आहे, गुडघे कुरकुरतात, पण या हिवाळ्याची सगळी लाकडं मी एकटीने रचली आहेत. शेजारच्या लालोला विचारा, एकसुद्धा ओंडका घसरलेला नाही. हे असं सांगत बसायची वेळ पोटच्या पोराच्या घरात यावी, याचाच मला संताप येतो.

वसंतात मी गाव सोडून खाली सेव्हलिएवो शहरात आले, मुलाकडे. वर डोंगरात आमच्या गावात आता धुराडं पेटणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. दुकान बंद झालं, मग बस बंद झाली. रांगेल म्हणाला, "आई, तिथे पडलीस तर उचलायलाही कोणी नाही." ते खरंच होतं, म्हणून आले. खोली चांगली दिली आहे त्यांनी, उबदार, खिडकी मागच्या अंगाला. पण घर त्यांचं आहे. सून बोर्याना वाईट नाही, उलट तिला नावं ठेवायला जागाच सापडत नाही, आणि त्याचाच मला त्रास होतो. मी घासलेलं पातेलं ती पुन्हा घासते, गुपचूप, पाण्याचा आवाज होऊ न देता. मी चुलीपाशी गेले की म्हणते, "आई, तुम्ही बसा ना." बसून बसून माणसाने किती बसावं? आपली सोय उत्तम आणि आपलं काम शून्य, असं घर ते.

माझं म्हणावं असं एकच होतं, खिडकीखालची जागा. बाग म्हणायची ती बोलण्यापुरती. दोन दोऱ्यांवर चादरी वाळत घातल्या की भरेल एवढी. घर बांधताना गवंड्यांनी विटांचे तुकडे, खिळे, चुना सगळं तिथेच लोटलेलं. उन्हाळाभर मी ते वेचलं. खाजकुयली उपटली, लालोकडून बकऱ्यांचं खत आणलं, माती दोनदा उलटी केली. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही.

मग नोव्हेंबरात, झाडं लावायचे दिवस आले तेव्हा, रांगेल जेवताना म्हणाला, "आई, मागे फळझाडं लावू या. तूच निवड. तुला कळतं त्यातलं."

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर डोळे दिसले असते. "बघू," म्हणाले आणि सूप पीत राहिले. पण दुसऱ्या दिवशी दिवसभर मी त्या जागेत पावलं टाकत फिरत होते. सकाळचं ऊन कुठून येतं, गॅरेजची सावली कुठवर जाते, गार वारा कुठल्या कोपऱ्यात साचतो. लालो कुंपणावर कोपर टेकून बघत होता. त्याची सकाळ राकीयाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, भट्टीवर गेली होती, त्यामुळे तो मजेत होता.

"वेलिकाबाई, काही हरवलंय का?"

"झाडं लावायची आहेत. मला निवडायला सांगितलंय."

"मग जर्दाळू लावा. जर्दाळूची राकीया म्हणजे..."

"तुझ्या राकीयासाठी मी झाडं लावायची का? जर्दाळू फेब्रुवारीतच फुलतो, मग पडतं हिम, आणि वर्षभर नुसती पानं बघत बसा."

"बरं बाई, नका लावू," लालो म्हणाला. "ओरडता कशाला?"

ओरडत नव्हते. खूश होते, आणि खूश असले की माझा आवाज चढतो.

शेवटी तीन झाडं ठरवली. छोट्या जागेत तीनच मावतात, चौथं लावलं की चारही एकमेकांच्या जिवावर उठतात. एक आंबट चेरी, कारण ती बुटकी राहते, एकटी फळते, आणि तिचा मुरांबा रांगेल लहानपणी बोटाने चाटून संपवायचा. दुसरं उशिरा पिकणारं निळं आलुबुखार, वाळवून ठेवायला. आणि तिसरं बिही. ते पिवळं, लव असलेलं फळ कच्चं चावलं तर घशात अडकतं, पण खिडकीत दोन ठेवली तर नाताळपर्यंत खोलीला वास येतो, आणि शिजवलं की लाल होतं. तिन्ही झाडं बेताची, कोणी कोणाचं ऊन खात नाही. बोर्यानाला गोड चेरी हवी होती. मी म्हटलं, गोड चेरी छपराच्या वर जाते आणि वरची फळं पाखरं खातात, खालची शेजारी. ती हसली, चक्क हसली, आणि म्हणाली, "मग आंबटच. आई म्हणतात तसं." त्या घरात आल्यापासून मी इतकी उंच कधी झाले नव्हते.

रविवारी बाजारात गेलो. गाडीत मी पुढे, बोर्याना मागे नातीला, कालिनाला, मांडीवर घेऊन. ती दोन वर्षांची आहे आणि ओरडण्यात माझ्यावर गेली आहे. रोपंवाल्यांची रांग बाजाराच्या शेवटी असते. मुळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या, फांद्यांना चिठ्ठ्या. आम्ही गाचोकडे गेलो, कारण त्याची कलमं खरी निघतात. मी प्रत्येक रोपाची मुळी उलटून बघितली, कलमाचा सांधा अंगठ्याने दाबून बघितला. दोन परत केली.

"आजी, लग्नाची मुलगी बघताय का?" गाचो म्हणाला.

"मुलगी एवढी बघितली नव्हती मी. चुकलंच जरा," मी म्हटलं, आणि बोर्याना पुन्हा हसली. असा छान चालला होता दिवस.

तीन झाडं बाजूला काढून झाली, आणि रांगेल म्हणाला, "आणि एक अक्रोड द्या."

मला वाटलं, खायचे अक्रोड म्हणतोय. मग बघते तर तो रोपांकडे बोट दाखवत होता.

"अक्रोड?" मी म्हटलं. "कुठे लावणार?"

"मध्ये. पायरीसमोर. सावलीला टेबल टाकता येईल."

"अरे, अक्रोड म्हणजे काय कोथिंबीर आहे? ती अख्खी बाग त्याच्या एका फांदीखाली जाईल. त्याच्या पानांखाली गवत जगत नाही. माझी तिन्ही झाडं मारशील."

"आई, छाटू आपण. आणि घरचा अक्रोड हवाच ना, नाताळच्या आदल्या रात्री फोडायला. बाबांनी गावात लावला नव्हता का?"

"तिथे डोंगर होता अख्खा!"

"आणि तूच लाव तो," रांगेल म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "तुझ्या हाताने लावलं की जगतं."

आता काय सांगू? त्या एका वाक्याने मी विरघळले. वाटलं, असू दे, पोराला सावली हवी आहे, दरवर्षी कुऱ्हाड घेऊन उभी राहीन मी छाटायला. तुझ्या हाताने लावलं की जगतं! किती वर्षांत कोणी असं बोललं नव्हतं. मी एप्रनला हातही पुसले, आत्ताच लावायचाय जणू.

तेवढ्यात गाचो म्हणाला, "आजी लावणार का? मग झालं. घरात म्हातारं माणूस असलं की हे बरं असतं. लोक मला म्हणतात, गाचो, तूच येऊन लावून दे. म्हटलं, दोन पोरींची लग्नं व्हायची आहेत माझ्या, मी नाही हात लावणार."

आमच्याकडे अक्रोड कोणताही तरुण माणूस लावत नाही. ज्याने लावला तो झाडाला पहिलं फळ धरलं की जातो, असं म्हणतात. कावळ्याने पुरून ठेवलेला आपोआप रुजला तर उत्तम. नाहीतर घरातलं असं माणूस बोलवायचं, ज्याचं सगळं उरकलं आहे. आमच्या गावात मिना म्हातारीला लोक खुर्चीसकट उचलून न्यायचे. तिने निम्म्या गावाचे अक्रोड लावले आणि उचलून नेणाऱ्यांतले बरेच जण तिच्याआधी गेले. मी तेव्हा हसायचे. मिनाला काय वाटत असेल, हे मला कधी सुचलं नाही, कारण मिना म्हातारी होती.

आणि आता मला खुर्चीवर बसवलं होतं.

मी रांगेलकडे बघितलं. तो चिठ्ठ्या वाचत होता.

"साधं रोप घेतलंत तर दहा-बारा वर्षं वाट बघा," गाचो सांगत होता. "हे कलम बघा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी अक्रोड हातात."

"मग कलमच द्या," रांगेल म्हणाला. "वाट कोण बघत बसणार?"

वाट कोण बघत बसणार! हे माझ्यासमोर, माझ्याच खांद्यावर हात ठेवून. बोर्यानाने मान खाली घातली. तिला कळलं होतं. ती हळूच म्हणाली, "साधं घेतलं तरी चालेल ना, रांगेल?" आणि मला तिचाही राग आला. म्हणजे हिने मला दहा-बारा वर्षं देऊन टाकली, दयेने!

बाजारात तमाशा नको म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसले की आमच्या घरात पूर्वी कुत्रंसुद्धा बाहेर जाऊन झोपायचं. रांगेलच्या काही लक्षात आलं नाही. घरी येईपर्यंत तो सावलीबद्दल बोलत होता, टेबलाबद्दल, उन्हाळ्यात मित्रांना बोलवण्याबद्दल. चारही रोपं माझ्या पायांशी होती, फांद्या माझ्या छातीला लागत होत्या. मी मनात मोजत होते, की त्या मित्रांना बोलवायच्या उन्हाळ्यात मी टेबलाशी असेन की नसेन, आणि याने ते मोजलं होतं की नव्हतं.

घरी आल्या आल्या रांगेलने खड्डा खणला. पहिला अक्रोडाचाच, बरोबर मधोमध, पायरीसमोर. मी दोनदा उलटी केलेली माती ती, फावडं लोण्यात गेल्यासारखं जात होतं. लालो कुंपणावर हजर होताच.

"अरे वा, अक्रोड!" तो म्हणाला. "कोण लावतंय?"

"आई," रांगेल म्हणाला आणि फावडं माझ्यापुढे धरलं. "ये आई."

मी हात पुढे केला नाही.

"तू लाव," मी म्हटलं.

"मी कसा... तुझा हात चांगला आहे म्हणून म्हटलं."

"माझा हात चेरीला पण चांगला आहे. बिहीला चांगला आहे. त्यांचे खड्डे कुठायत? सरळ सांग ना रांगेल. आईचं झालंय, आईच्या हातून उरकून घेऊ."

तो आधी हसला. "आई, तू पण ना! हे सगळं थोतांड आहे. एकविसाव्या शतकात कोण मानतं असलं?"

"कोणी नाही ना मानत?"

"कोणी नाही."

"मग लाव."

त्याने फावडं जमिनीत रोवलं आणि दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. माझा मुलगा इंजिनियर आहे, पूल बांधतो. त्याच्या पुलांवरून लोक डोळे मिटून जातात. तो त्या गुडघाभर खड्ड्याकडे बघत होता आणि त्याची मान लाल होत चालली होती.

"प्रश्न तो नाहीये," तो म्हणाला.

"प्रश्न तोच आहे! तू मानत नाहीस? गेल्या नाताळला गावी आला होतास, आदल्या रात्री अक्रोड फोडले, तुझा आतून काळा निघाला. तो टेबलाखाली टाकून तू दुसरा घेतलास. मला दिसत नाही असं वाटलं का तुला? स्वतःचं वर्ष वाईट जाऊ नये म्हणून अक्रोड बदलतोस, आणि माझ्यासाठी मात्र तिसऱ्या वर्षी फळणारं कलम निवडून आणतोस!"

"आई, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. लालो, ऐकू येतंय ना?"

"येतंय," लालो म्हणाला. मग त्याला वाटलं आपण मदत करावी. "द्या मला, मी माझ्याकडे लावतो तो, भांडण कशाला."

"घे." मी रोप उचलून कुंपणावरून त्याच्याकडे केलं. त्याने हात पुढे केला, आणि अर्ध्यातच थांबवला.

"म्हणजे... लावेल कोण, ते बघावं लागेल आधी," तो म्हणाला. "नातवाचं लग्न आहे माझ्या, ऑगस्टमध्ये."

पूल बांधणारा एकीकडे, राकीया प्यायलेला दुसरीकडे. दोघेही अक्कलवान, दोघेही काही मानत नाहीत, आणि दोघेही एका काडीपासून हातभर लांब! माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला. मला मरणाची भीती नाही, नवऱ्याला, दिमोला, पुरून आले त्याच दिवशी ती गेली. पण माझं मरण म्हणजे बादली, झाडू अशी घरात वापरायची वस्तू आहे, आणि लागेल तेव्हा कोपऱ्यातून उचलून आणायची, हे मी सहन करणार नव्हते. मी ते तोंडावर बोलले, ह्याच शब्दांत.

तेव्हा बोर्याना पायरीवरून उतरली. कालिनाला तिने खाली ठेवलं, माझ्या हातातून रोप घेतलं, आणि दुसऱ्या हाताने रांगेलच्या हाताखालून फावडं ओढलं.

"मी लावते," ती म्हणाली. "पुरे झालं आता."

तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने रोप खड्ड्यात उभं केलं, मुळ्या पसरल्या, व्यवस्थित, मी बाजारात पसरून बघितल्या होत्या तशा. रांगेल नुसता "बोर्याना, अगं" म्हणाला. तिने फावडं मातीत घातलं आणि भरून उचललं. कालिना खड्ड्याच्या काठावर बसून आत बघत होती.

आणि मी धावले. या गुडघ्यांनी धावले. तिच्या हातातून फावडं असं हिसकावलं की तिचं मनगट खरचटलं.

"ठेव!" मी ओरडले. "ठेव ते! तुला लहान पोर आहे!"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मीही उभी राहिले, फावडं छातीशी धरून, धापा टाकत. मानत नाही ना मी? नसेन मानत. पण त्या बाईने उचललेली ती माती खड्ड्यात पडू देणं माझ्याने झालं नाही. तिच्यासाठी माझे पाय आपोआप धावले. माझ्यासाठी या अंगणात कोणाचेच धावले नव्हते, फक्त हिचे, जिला मी आठ महिने पातेल्यांवरून मनातल्या मनात बोलत होते.

मी रोप उपटलं, नेलं आणि गॅरेजमागच्या पाण्याच्या बादलीत उभं केलं. "या बागेत अक्रोड लागणार नाही," मी म्हटलं. "ना माझ्या हाताने, ना कोणाच्या." लालो घरात गेला. बोर्यानाच्या मनगटाला मी स्वतः राकीया लावली, झोंबली तेव्हा तिने फुंकर घातली. मग म्हणाली, "आई, त्यांना खरंच कळलं नव्हतं हो."

"तुला कळलं ना?"

"मला बाजारात कळलं."

"मग त्याला का नाही कळत?"

जेवायच्या आधी रांगेल माझ्या खोलीत आला आणि दारातच उभा राहिला, परीक्षेत नापास होऊन आला की राहायचा तसा.

"आई, रागावलीस?"

"हो."

"माझ्या मनात तसं काही नव्हतं गं. शपथ."

"माहितेय," मी म्हटलं. "तेच तर. मनात काही असतं तर मी भांडले असते, रडले असते, तुला दोन लगावल्या असत्या. तू वाईट चिंतलं असतंस तर निदान माझा विचार तरी केला असतास. तू माझ्या हातात माझं मरण दिलंस आणि तुझ्या मनात काही आलंच नाही, रांगेल. सावली आली. टेबल आलं."

तो खाली मान घालून उभा होता. केस पांढरे व्हायला लागले आहेत त्याचे कानांपाशी, मला त्या दिवशी दिसले. मी त्याला जवळ बोलावलं नाही. बोलावता आलं असतं.

थोड्या वेळाने खिडकीतून आवाज आला. तो बाजारात घातलेल्या चांगल्या बुटांनी मधला खड्डा बुजवत होता. माती नुसती लोटत होता, दाबत नव्हता, पावसात ती खचली असती. बुजवून झाल्यावर ओल्या गोणपाटातली तीन रोपं उचलून तो खिडकीखाली आला.

"आई," त्याने विचारलं, "बिही कुठे लावायची?"

मी खिडकी उघडली. गार वारा आत आला.

"उद्या सांगेन," मी म्हटलं. "आज मी रागावलेली आहे. आणि ती माती दाब आधी."